उच्चाराला हसणाऱ्यांस

महाराष्ट्राबाहेरच्या केंद्रीय कचेऱ्यांत वावरणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत एक खोड मुरली आहे. बैठकीत एखाद्या बांधवाने ‘इन्डाइट’ हा शब्द अक्षरांबरहुकूम ‘इन्डिक्ट’ असा उच्चारला, की पहिले हसू उमटते ते आपल्यांतल्याच कोणाच्या तरी ओठांवर. त्याचा मुद्दा विरून जातो आणि उच्चार तेवढा चहाच्या वेळी चघळला जातो. या वृत्तीला आमचा स्पष्ट विरोध आहे.

मुळात दोष कोणाचा? इंग्रजी लेखन हे उच्चाराचे चित्र नव्हे. ते इतिहासाचे आहे. ‘डेट’, म्हणजे ऋण, हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. लॅटिन मूळ दिसावे म्हणून पंडितांनी तो मागाहून घातला. ‘रिसीट’मधला ‘पी’ आणि ‘इन्डाइट’मधला ‘सी’ हे त्याच हौसेचे अवशेष. ‘कर्नल’चे लेखन इटालियन वळणाचे, तर उच्चार ‘र’ असलेल्या जुन्या फ्रेंच रूपाचा. बर्नार्ड शॉ १९५० साली वारले, तेव्हा इंग्रजीच्या नव्या वर्णमालेसाठी मृत्युपत्रात पैशाची तरतूद करून गेले. १९६२ साली त्यांचे एक नाटक तशा लिपीत छापलेही गेले. जे कोडे अशा नाटककाराला असह्य झाले, ते पुस्तकांवरून इंग्रजी शिकलेल्या खेड्यातल्या मुलाला सुटले नाही, तर त्यात लाज कसली?

शिवाय शुद्ध उच्चार एकच, हाही भ्रमच. आम्हा कारकुनांचे नावच पाहा ना! इंग्लंडात तो ‘क्लार्क’, अमेरिकेत ‘क्लर्क’.

मग वाटेल तसे बोलावे काय? मुळीच नाही. कोश उघडावा, उच्चार पाहावा, सुधारावा. परंतु कचेरीत अनर्थ होतो तो अर्थ न कळल्याने. रेल्वेत वाघीण ठरल्या मुदतीपलीकडे अडवून ठेवली तर ‘डेमरेज’ आकारतात. माल आवारात पडून राहिला तर ‘व्हार्फेज’. हे दोन शब्द खणखणीत उच्चारून त्यांची अदलाबदल करणारा विद्वान आम्हांस नको. तसेच ‘लिएन’ म्हणा की ‘लीन’. तो सेवकाचा आपल्या पदावरील हक्क आहे, रजेहून वा प्रतिनियुक्तीवरून परतल्यावर त्या पदावर रुजू होण्याचा आधार आहे, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या एका टिपणीने दुसऱ्याच्या संसाराला घोर लागतो. त्याला मात्र कोणी हसत नाही!

आणि आपल्या लिपीचा अभिमान बाळगताना ‘चहा’ आणि ‘चाक’, ‘जन्म’ आणि ‘जाड’ हे शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहावेत. अक्षर एकच, उच्चार निराळे. तमिळ किंवा बंगाली सहकारी आपुलकीने मराठी बोलू लागला आणि येथे अडखळला, तर आपण त्याला कौतुकाने सांभाळून घेतो. तेच औदार्य स्वकीयाच्या इंग्रजीच्या वाट्याला का येऊ नये?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेत एक वही असावी. अडलेला शब्द, देवनागरीत त्याचा उच्चार आणि मराठीत अर्थ तीत लिहावा. चुकलेल्याला चारचौघांत हसू नये, एकांतात सांगावे. हसण्याच्या भयाने ज्याने बैठकीत तोंड मिटले, त्याचा उच्चार कधीच सुधारत नाही, आणि त्याला जे सांगायचे होते तेही कचेरीला कधी कळत नाही.