तांब्या कातडी ओढतो, रोग नव्हे

पोटात कळ आली की ‘बेंबी सरकली’ असे म्हणून बेंबीवर कणकेचा पेटता दिवा ठेवायचा आणि त्यावर तांब्या पालथा घालायचा, हा उपाय तुम्ही ऐकला असेल. बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर मेहकर-चिखलीकडे किंवा घाटाखाली नांदुरा-मलकापूरकडे, घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा.

ही युक्ती फार जुनी आहे. आत दिवा ठेवलेला भोपळा, म्हणजे तुंबडी, लावून रक्त काढण्याची कृती सुश्रुतसंहितेत आहे. चीनमध्ये बांबूचे व काचेचे पेले आजही लावतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्स याच्या अंगावरील जांभळे गोल डाग याच उपचाराचे होते.

तांब्या चिकटतो कसा? ज्योतीमुळे आतील हवा तापून प्रसरण पावते व थोडी बाहेर जाते. दिवा विझला की उरलेली हवा निवते आणि तिचा दाब घटतो. तांब्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर असेल आणि दाब एक दशांशाने घटला, तर सुमारे ४ किलोग्रॅम वजनाइतके बल तयार होते! कातडी आत ओढली जाते, केशवाहिन्या फुटतात आणि डाग पडतो. तो ‘बाहेर आलेला दोष’ नव्हे. तो मुक्या मारासारखाच डाग होय.

पाठ-मान दुखत असता काहींना याने तात्पुरते बरे वाटते. पण त्याबाबतचे पुरावे दुबळे आहेत. पाठीचे एक वेळ सोडून देऊ. पोटाचे तसे नाही. आंत्रपुच्छाला सूज आली की कळ बहुधा बेंबीभोवतीच सुरू होते आणि नंतर उजवीकडे खाली सरकते. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली, तर पुष्कळदा दंशाची खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखू लागते. अशा वेळी तांब्या निसटण्याची वाट पाहणे म्हणजे प्रतिविष मिळण्याची वेळ दवडणे होय. तांब्या लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण गेलेली वेळ परत येत नाही.

म्हणून शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर दाखवावा. पेल्यात गरम पाणी भरून ओतून टाका, तोंडावर अर्धवट फुगवलेला फुगा दाबून धरा. पेला निवताच फुगा आत ओढला जाईल. हवेचा दाब शिकण्यासाठी तांब्या उत्तम आहे. दुखणाऱ्या पोटासाठी मात्र दवाखानाच गाठावा, आणि घरी हे सांगण्याचे धैर्य विद्यार्थ्यांनी दाखवावे.