गंगावन लावताना

लग्नसराई आली की बाजारात गंगावने टांगलेली दिसू लागतात. “बाळंतपणात वेणी अगदी उंदराची शेपटी झाली, गंगावन लावू का?” असे लेकीसुना हमखास विचारतात. लावा की! आपल्या आजीचा अंबाडा तरी कुठे सगळा तिचा होता? त्या काळी हिमालयातल्या याकच्या शेपटीचे केससुद्धा गंगावनाला वापरीत.

घेताना मात्र त्यातला एक केस काडीने जाळून पाहावा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. माणसाचा केस जळका वास देतो आणि त्याची राख बोटांत चुरडते. नायलॉनचा वितळून टणक गोळी होते. असले गंगावन लावून चुलीपुढे मुळीच बसू नये. वितळला की कातडीला चिकटतो.

बाळंतपणानंतर गळलेले केस बहुधा वर्षभरात पुन्हा भरून येतात. त्या कोवळ्या केसांवर जड गंगावन रोज आवळून बांधले, तर मुळे दुखावतात. कपाळाकडचे केस मागे सरत जातात, आणि ते पुढे येतीलच असे नाही. म्हणून हलके घ्यावे, कार्यापुरतेच लावावे, गंगावनाचे तीन पेड आपल्या तीन पेडांत वाटून सैल गुंफावेत आणि निजताना सोडावे.

आणि हो, दारावर केसांच्या बदल्यात भांडे देणारा येतो ना? विंचरताना निघालेला गुंता त्याला लगेच देऊ नका. साठवून, सोडवून त्याचेच गंगावन करता येते. रंग अगदी जुळतो!