बंद गाडीची विचारपूस

माझा तालुका आंबेगाव, शेजारचा जुन्नर. या दोन्ही तालुक्यांत आजतागायत रेल्वेचा हातभरदेखील रूळ पडलेला नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा ऐकता ऐकता आमच्या पिढीचे केस पिकले. मोजणीची माणसे येऊन गेली, नकाशे निघाले, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला बाधा येईल म्हणून मार्गावरून वादही झडले. पण शिटी काही ऐकू आली नाही. तेव्हा ज्याच्या गावाला गाडी नाही त्याने गाडीवर लेख कशाला लिहावा, असे कोणी म्हटल्यास त्याचा मी राग मानणार नाही. मी एवढेच म्हणेन, की अन्नाची किंमत उपाशी माणसाला विचारावी. ज्यांच्या पानात ते वाढलेले आहे त्यांनी किती टाकले, हे त्यालाच नीट दिसते.

२०२२ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर, २२ ऑक्टोबरला, नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी पुन्हा सुरू झाली. त्याच सुटीत नातवंडांना घेऊन मी निघालो. मंचरहून एसटीने पुणे, पुण्याहून घाट उतरून कर्जत आणि तेथून नेरळ. गाडीत बसल्यावर मुलांनी जो कल्ला केला त्याचे वर्णन करीत नाही. ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांस ते सांगावयास नको. जुम्मापट्टी मागे पडली. वळणावर आपल्याच गाडीचे इंजिन आपल्या खिडकीतून दिसते, ही नवलाई ओसरल्यावर धाकट्या नातवाने विचारले, "आजोबा, ही गाडी तीन वर्षं बंद होती ना? मग तेव्हा हिला बघायला कोण यायचं?"

"तिची माणसं असतात रे. रेल्वेची."

"ती पगाराची! आजी आजारी होती तेव्हा कशी सगळी आळी विचारायला यायची, तसं हिला कोण यायचं?"

चाळीस वर्षे मुलांना शिकवून मी निवृत्त झालो आहे. उत्तर येत नसले म्हणजे मास्तर काय करतात हे मला ठाऊक आहे. मी त्याला बाहेरचे माकड दाखवले. परंतु तो प्रश्न माझ्याबरोबर घोडेगावापर्यंत आला आणि अजून गेलेला नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोक म्हणतात, ही गाडी करोनाने बंद पाडली. करोनाच्या माथी आपण हल्ली इतके काही मारतो, की त्या रोगालाही आपल्या कर्तृत्वाचे आश्चर्य वाटावे! वस्तुतः नेरळचा मार्ग त्यापूर्वीच, २०१९ च्या पावसाळ्यात, वाहून गेला होता. वरच्या अंगाला अमन लॉज ते माथेरान ही तीनेक किलोमीटरांची फेरी तेवढी त्या वर्षाच्या अखेरीस सुरू झाली होती. ती २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने थांबवली आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा चालू झाली. खालचा मोठा मार्ग मात्र २०२२ पर्यंत पडूनच होता. त्याच्याही मागे जावे, तर २००५ च्या महापुरात तो उद्ध्वस्त झाला आणि दुरुस्त होण्यास २००७ साल उजाडले. २०१६ च्या मे महिन्यात दोनदा डबे घसरले आणि पुन्हा गाडी बंद. म्हणजे करोना हे या गाडीचे एकमेव दुखणे नव्हे. आधीच्या दुखण्यातून ती उठत होती, तेवढ्यात साऱ्या जगाने अंथरूण धरले, इतकेच.

गाडी तरी कशी? सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम हाती घेतले. वडिलांनी पैसा पुरवला, सोळा लाख रुपये खर्च झाले, आणि १९०७ साली गाडी डोंगर चढू लागली. दोन फुटी रूळ, एकवीस किलोमीटरांची वाट. एका व्यापारी घराण्याच्या हौसेतून जन्मलेली ही वस्तू पुढे सरकारची झाली, यात वाईट काहीच नाही. वाईट हे, की सरकारची झाली म्हणजे आपली राहिली नाही, असे आपण मनाशी ठरवून टाकले.

बंद पडलेली गाडी जागेवर उभी असते, असा आपला समज असतो. तो खोटा आहे. ती रोज थोडी थोडी जात असते. वापरातला रूळ चकाकतो, पडून राहिलेला तांबडा होतो. मोऱ्या गाळाने भरतात, मग पुढच्या पावसाचे पाणी मोरी सोडून रुळाखालची खडी घेऊन जाते. झाडोरा माजतो. याहून मोठा गंज माणसांना चढतो. कोणत्या वळणावर वेग किती ठेवावा, कोणता ओढा आधी फुगतो, कोठली दरड पहिल्या सरीला बोलते, हे कागदावर नसते. ते गँगमनच्या पायांत आणि चालकाच्या हातांत असते. तीन वर्षांत एक माणूस निवृत्त होतो, दुसऱ्याची बदली होते, आणि डोंगराची ओळख त्यांच्याबरोबर घाट उतरते. रूळ निविदा काढून विकत घेता येतात. ही ओळख कोणत्या निविदेत मिळते?

आता वाचकांना जरा दूर नेतो, वेल्स देशात. तेथे फेस्टिनिऑग नावाची एक डोंगरी रेल्वे आहे. लांबी आपल्या माथेरानच्या गाडीइतकीच, रूळही जवळजवळ तेवढ्याच रुंदीचे, आणि पाऊस पाचवीला पुजलेला. पाटीचा दगड वाहून नेण्यासाठी १८३६ साली ती निघाली आणि १९४६ साली धंदा बसल्यामुळे बंद पडली. १९५४ साली हौशी मंडळींनी ती हाती घेतली व दुसऱ्याच वर्षी खालच्या टोकाला गाडी हलवली. पुढे वीजप्रकल्पाच्या जलाशयात तिच्या वाटेचा एक तुकडा बुडाला.

हे वाचले तेव्हा मी थबकलो. कारण ज्या आंबेगावाचे नाव आमच्या तालुक्याला आहे, ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. माझ्या आत्याचे घर तेथे होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की जुन्या खुणा वर येतात; म्हातारी माणसे काठावर उभी राहतात, बोट दाखवतात आणि घरी जातात. आमच्याने दुसरे काही झाले नाही. त्या वेल्समधल्या मंडळींनी मात्र १९६५ साली कुदळी-फावडी उचलली. सुटीच्या दिवशी येऊन, कारकून, विद्यार्थी, मास्तर अशा लोकांनी जलाशयाला वळसा घालणारी नवी वाट खणली. उंची गाठण्यासाठी रूळ फिरवून स्वतःवरूनच पलीकडे नेले. बोगद्यासाठी मात्र खाणकामातील जाणकार माणसे पगार देऊन आणली. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. १९७८ साली वळसा पुरा झाला आणि १९८२ साली गाडी पूर्वीच्या वरच्या मुक्कामाला पोहोचली. सत्तावीस वर्षे! आपल्याकडे सत्तावीस वर्षांत समितीचा अहवाल येतो.

अशा स्वयंसेवकांच्या गाड्याही करोनाने थांबवल्या. २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटनभरच्या वारसा-रेल्वे एका फटक्यात बंद झाल्या, आणि त्या पुन्हा सुरू करणे सोपे नव्हते. या गाड्यांचा भार वाहणारी पुष्कळ माणसे पेन्शनीत निघालेली. नेमके त्यांनाच घरी बसण्याचा सल्ला. चालक-गार्डांना नियमांची उजळणी करावी लागली, थंड पडलेल्या बॉयलरांची तपासणी आली, निम्म्या बाकांवर माणूस बसवायचा नाही तरी कोळसा तेवढाच जाळायचा. वेल्समधलीच लँगॉलेन रेल्वे चालवणाऱ्या कंपनीचे तर २०२१ च्या मार्चमध्ये दिवाळे वाजले. पण दिवाळे कंपनीचे वाजले, माणसांचे नव्हे. स्वयंसेवकांच्या न्यासाने गाडी आपल्याकडे घेतली, त्याच उन्हाळ्यात ती पुन्हा धावली, आणि २०२३ साली कॉर्वेनपर्यंतचा नवा मार्गही खुला झाला. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. बंद गाडीला बघायला कोणीतरी रोज येत होते.

"ते इंग्रज लोक, त्यांना पैसा आहे आणि वेळ आहे," असे म्हणून आपण मोकळे होतो. दार्जिलिंगच्या गाडीच्या चाहत्यांची एक संस्था १९९७ साली निघाली, तीही इंग्लंडात, हे ऐकून तर आपली खात्रीच पटते, की हे खूळ त्या लोकांचे. मला हे साफ नामंजूर आहे. चावंड गडावर सात टाक्यांचा समूह आहे. टाळेबंदीनंतर प्रथम वर गेलो तेव्हा पायवाट झुडपांत हरवली होती. परवानगी घेऊन आमच्या दोन तालुक्यांतली पोरे रविवारी येऊ लागली. कोणी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणारा, कोणी बँकेतला, कोणी कॉलेजातला. घरची भाकरी, घरचे खोरे. कोठे हात लावायचा नाही हे जाणकाराने आधी सांगायचे, आणि बाकीचे आम्ही करायचे. फोटो काढण्यापुरते आलेले दुसऱ्या रविवारी गळाले, ही गोष्ट खरी. पण उरले ते अजून आहेत. गडाला चालणारे हे हात रुळाच्या कडेला का चालू नयेत?

यावर तीन आक्षेप येतील, आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला सुरक्षिततेचा. डोंगर काय करू शकतो हे आम्हाला कोणी सांगू नये. ३० जुलै २०१४ रोजी आमच्याच तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. म्हणून मी म्हणतो, रूळ, ब्रेक आणि दरड यांना हौशी माणसाने हात लावू नये. बोगद्याला खाणीतलाच माणूस हवा, हे त्या वेल्सच्या मंडळींनाही कळत होते. दुसरा आक्षेप, फुकटचे हात आले की गँगमनच्या पोटावर पाय येतो. हा आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूला मी उभा आहे. स्वयंसेवकाच्या जिवावर एकही पगारी जागा कमी होता कामा नये. तसे होणार असेल तर ही सेवा नव्हे, चोरी आहे. तिसरा आक्षेप, की माथेरानच्या घोडेवाल्याला अन् हमालाला गाडीचे सोयरसुतक का असावे? त्याचे उत्तर पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींनी देऊ नये. त्यांना बैठकीत पहिली जागा द्यावी आणि विचारावे.

मग उरते काय? पुष्कळ उरते. मेमध्ये इंजिनीयर दाखवील तेवढ्याच मोऱ्या-चरांतला पालापाचोळा काढणे. स्थानकांची निगा आणि रंग. निवृत्त गँगमनांपाशी बसून त्यांना ठाऊक असलेला डोंगर लिहून घेणे. मुलांना गाडीची गोष्ट सांगणे. त्यासाठी रेल्वेने एक दार उघडावे: नोंदलेले मित्रमंडळ, ठरलेली कामे, देखरेखीला रेल्वेचाच माणूस, आणि पावसाने काय नेले व काय दुरुस्त झाले याचा दर महिन्याला लोकांसमोर हिशेब. यास पैसा थोडा लागतो. लागते ती परक्याला घरात घेण्याची तयारी.

परंतु दोष एकट्या रेल्वेला देऊन मी हात झटकणार नाही. त्या तीन वर्षांत मी काय केले? वर्तमानपत्र वाचून चार वेळा हळहळलो. एक कार्डसुद्धा टाकले नाही. हेच आंबेगावच्या काठावर आम्ही केले होते: बोट दाखवले आणि घरी गेलो. घरातली वस्तू पडून राहिली, की आपण तिच्यावर चादर टाकतो आणि त्याला जपणूक म्हणतो.

नेरळचा मार्ग दर पावसाळ्यात चार महिने बंद असतो. म्हणजे नातवाचा प्रश्न दर वर्षी जूनमध्ये नव्याने उभा राहतो. दिवाळीत तिकिटाच्या रांगेत आपण सारेच असतो. कोणी सुखात असताना त्याच्याकडे फराळाला जाण्यात मोठेपणा नाही. येत्या जूनमध्ये गाडी थांबली, की मी आणि नातू दोघे मिळून एक पत्र टाकणार आहोत: आम्ही दोघे आहोत, बरोबर चावंडची पोरे आहेत, कोठे यायचे आणि काय करायचे ते कळवा. शुद्धलेखन मी तपासीन. मजकूर त्याचा.