गावच्या कचऱ्याचे मोल कोणी द्यावयाचे?

खेड्यातला माणूस कचरा उचलण्यासाठी पैसे मोजणार नाही, हे गृहीत इतके रुजले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कोणास वाटत नाही. ग्रामपंचायतीत स्वच्छता पट्टीचा विषय निघाला की सदस्यांच्या डोळ्यांपुढे पुढची निवडणूक उभी राहते आणि विषय तहकूब होतो. ओढ्याकाठचा ढीग मात्र वाढत राहतो.

एके काळी घरामागचा उकिरडा ही शेतकऱ्याची मत्ता होती. शेण, राख, पालापाचोळा वर्षभर मुरे आणि मृगापूर्वी गाडीने शेतात जाई. ज्याला मोल आहे ते कोणी रस्त्यावर टाकीत नाही. आज घरातून निघतात त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, शांपूच्या पुड्या, औषधांच्या बाटल्या आणि डायपर. ते शेतात गेले तर जमीन नासते, जाळले तर विषारी धूर होतो, गुरांच्या पोटात गेले तर जनावर दगावते. मत्तेची जागा अशी देण्याने घेतली. हे देणे आपल्या उंबरठ्यापलीकडे ढकलण्यास प्रत्येकाला काही खर्च येत नाही. तो साऱ्या गावावर पडतो.

कायद्याची अडचण नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याने केरकचरा हलवून त्याची विल्हेवाट लावण्यासाठी स्वच्छता कर बसविण्याचा अधिकार पंचायतींना दिला आहे. अडचण आहे ती चालू खर्चाची. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० पासूनच्या ग्रामीण टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये ठरले. तीन हजार वस्तीच्या गावाला हे १ लाख ८० हजार होतात. त्यात शेड उभी राहते, खड्डे बांधले जातात, गाडी येते. पण ती गाडी रोज फिरवावयाची कोणी? दोन कामगारांना दरमहा प्रत्येकी १२ हजार आणि इंधन-दुरुस्तीस ६ हजार धरले, तर वर्षाला ३ लाख ६० हजार लागतील. सहाशे घरांत वाटले तर घरटी महिना ५० रुपये पडतात. मोबाइलच्या रिचार्जला याहून अधिक मोजणाऱ्या घराला ही रक्कम सर्वस्वी अशक्य म्हणता येत नाही.

मग लोक देतील काय? त्याचे उत्तर प्रश्न कसा विचारला यावर अवलंबून असते. बाजारात न विकल्या जाणाऱ्या गोष्टींचे मोल लोकांना विचारून कसे ठरवावे, याचा विचार १९९३ साली अमेरिकेत केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखालील समितीने केला. 'किती द्याल?' असे मोघम विचारू नये. सेवा नेमकी सांगावी, रक्कम सांगावी आणि मतदानाप्रमाणे होय किंवा नाही एवढेच उत्तर घ्यावे, हा तिच्या सल्ल्याचा गाभा. गावात त्यात आणखी एक भर घालावी लागेल. कचरा हाताळते घरातली स्त्री आणि पैशाचे उत्तर देतो पुरुष. तिला विचारल्यावाचून मिळालेले उत्तर अर्धेच असते.

प्रत्यक्ष अनुभवही बोलका आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने पूर्ण कर भरणाऱ्या घरांना मोफत दळण देण्याची योजना राबविली आणि ती राज्यभर गाजली. भरलेल्या पैशाचे काय होते हे दिसले की गावकरी हात आखडता घेत नाही. स्वच्छता पट्टीचे खाते वेगळे ठेवावे, दरमहाचा जमाखर्च चावडीवरील फलकावर लिहावा आणि वसुली पीक हाती आल्यावर करावी. भूमिहीनांना सूट द्यावी. मंगल कार्यालय, हॉटेल, दुकान यांच्याकडून अधिक घ्यावे.

पण हिशेबाच्या तळाशी आणखी एक थकबाकी आहे. गाव झाडण्याचे, मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादलेले होते. मोबदला म्हणून बलुत्याचे धान्य आणि पुष्कळदा शिळे तुकडे पदरी पडत. महार वतनासह कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द झाली तीही १९५८ च्याच अधिनियमाने. वतन गेले, तरी हे काम जवळजवळ फुकटात व्हावे ही अपेक्षा गावाच्या मनातून गेली नाही. कचरा उचलणाऱ्याच्या हातात आजही तुटपुंजे मानधन पडते, तेही महिनोन्‌महिने रखडते.

म्हणून या पट्टीकडे नवा बोजा म्हणून पाहणे चुकीचे होय. स्वच्छतेची किंमत गावात कोणीतरी नेहमीच देत आला आहे. ती आता साऱ्या घरांनी मिळून, रोख आणि वेळेवर द्यावयाची, इतकेच ठरवावयाचे आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय तहकूब न करता मतास टाकावा.