चावी कुणाच्या कनवटीला?

आजार आमचा. थुंकी आमची, रक्त आमचं, एक्स-रेत दिसणारी फासळी आमची. मग नोंद कुणाची?

हा प्रश्न आजच विचारायचा. कारण सरकार देशभरचे दवाखाने एका दोऱ्यात ओवायला निघालंय. आयुष्मान भारत डिजिटल मिशन हे त्याचं नाव. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून घोषणा, सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरुवात. माणसामागे एक चौदा आकडी आभा क्रमांक. असे ७० कोटींहून जास्त क्रमांक तयार झालेत.

यावर दोन टोळ्या भांडतायत. एक टायवाली : जोडा, सगळं जोडा, देश पुढे जाईल. दुसरी पांढरपेशी : काहीच जोडू नका, खाजगीपणा धोक्यात आहे. पहिलीला आपली माहिती पायजे, आपण नको. दुसरीचा फॅमिली डॉक्टर दोन पिढ्यांचा. घराण्याच्या सगळ्या आजारांचा इतिहास त्याच्या डोक्यात. तिचं जोडणीवाचून भागतं. आपलं भागत नाही, दोस्तांनो.

आपलं रेकॉर्ड म्हणजे काय? खिळ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी. नाला घरात शिरला की टीबीचे कागद, शुगरचे रिपोर्ट, बाळंतपणाचं कार्ड, सगळ्याचा लगदा. नवा दवाखाना, नवा केसपेपर, पुन्हा रक्त, पुन्हा एक्स-रे, पुन्हा रोजीचा खाडा. वीटभट्टीवर गेलेल्या माणसाची टीबीची गोळी मधेच तुटते, कारण तिथल्या डॉक्टरला इथला कागद दिसत नाही. आणि मधेच तुटलेल्या गोळीतूनच औषधाला दाद न देणारा टीबी जन्मतो.

बीडच्या ऊसतोड बायका आठवा. २०१९ मध्ये बोंब झाली तेव्हा सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांवर बायका तपासल्या, त्यातल्या १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली! एकेकीचा कागद एकेकीच्या पिशवीत पडून होता. ते कागद शेजारी-शेजारी मांडले असते तर कुठल्या दवाखान्यात किती पिशव्या कापल्या, कुठल्या वयाच्या बायकांच्या कापल्या, हे कितीतरी आधी उघडं पडलं असतं. म्हणून मी म्हणतो, जोडा. जोडलंच पाहिजे. सुट्या कागदांचा फायदा कापणाऱ्याला होतो, कापलं जाणाऱ्याला नाही.

पण जोडायचं कसं, हा खरा झगडा आहे. कागदावर योजना बरी आहे, हेही सांगतो. सगळी माहिती एका कोठारात नाही. जिथं तपासणी झाली तिथंच ती राहते, आभा क्रमांक नुसता दोरा. नव्या डॉक्टरला बघायचं असेल तर तुमच्या मोबाईलवर मागणी येणार. कोण बघणार, कशासाठी, कुठले कागद, कधीपर्यंत. तुम्ही हो म्हणालात तरच माहिती कुलूपबंद होऊन जाणार. दिलेला होकार मागेही घेता येतो. आणि हे सगळं ऐच्छिक, असं सरकारनंच लिहून ठेवलंय.

आता खिडकीवर या. माझ्या आत्याला घेऊन मी एका सरकारी दवाखान्यात गेलो. मागं ही लांब रांग. आतून आवाज, "मोबाईल नंबर. ओटीपी सांगा. चला, पुढचा." झाली संमती! आत्या विचारते, "काय रं, कशाचा आकडा घेतला त्यानं?" मी क्लार्कला विचारलं. तो म्हणाला, "वरून टार्गेट आहे." आत्याच्या प्रश्नाला कुणाकडं उत्तर नाही. २०२१ मध्ये लस घ्यायला आधार दाखवलेल्या कितीतरी लोकांचा हेल्थ आयडी तर त्यांना न विचारताच निघाला होता. याला ऐच्छिक म्हणतात!

आणि तो मोबाईल तरी कुणाचा? आत्याचा नव्हे, तिच्या पोराचा. आपल्या किती घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो बाप्याच्या खिशात असतो. बाईनं एचआयव्हीची तपासणी केली, गर्भपात केला, डोक्याच्या डॉक्टरची गोळी घेतली, मेसेज नवऱ्याला. २०१७ चा कायदा एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवायला सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीनं गर्भपात करणारीचं नाव फोडणाऱ्याला तुरुंग ठेवला. पण नवऱ्याच्या खिशात वाजणाऱ्या मेसेजला कुठला तुरुंग?

नोंदीची भीती आपल्याला कुणी शिकवायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती वहीत चढवल्या. वहीत नाव म्हणजे जन्मानं गुन्हेगार, पोलिसांत हजेरी. १९५२ मध्ये कायदा गेला, शिक्का गेला नाही. आणि हे फक्त जुन्या काळात, फक्त आपल्याकडंच घडतं असं समजू नका. इंग्लंडात १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा आहे. २०१७ मध्ये तिथल्या गृहखात्याशी करार झाला : इमिग्रेशनला हवे असलेल्या परदेशी माणसांचे पत्ते आरोग्यखात्यानं द्यायचे. माणूस गेला औषधाला, पत्ता गेला हद्दपारीवाल्यांकडं. लोकांनी धारेवर धरलं तेव्हा २०१८ मध्ये करार मागं घेतला.

'सुरक्षित आहे' म्हणतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद, एवढं मोठं सरकारी रुग्णालय कित्येक दिवस हातानं कागद लिहीत होतं. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवर मोबाईल नंबर टाकला की लस घेतलेल्या माणसाचं नाव, आधार नंबर बाहेर पडत होता. सरकार म्हणालं, कोविन सुरक्षित आहे.

'नाव खोडून माहिती वापरू' म्हणतात. खोडा की! वस्ती ठेवली, वय ठेवलं, धंद्यापुढं सफाई कामगार ठेवलं, की जात आपोआप बाहेर आली.

मग कायदा? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वाचा. त्यात आजाराला, जातीला वेगळं संरक्षण नाही. दंड २५० कोटींपर्यंत, पण तो जाणार सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागता येत होती ते आयटी कायद्यातलं ४३-अ कलम काढून टाकायची तरतूद याच कायद्यात. उलट खोटी किंवा उगाच तक्रार केली म्हणून तक्रारदाराला १० हजारांपर्यंत दंड. आणि सरकारला स्वतःच्या यंत्रणांना कायद्यातून सूट द्यायची मुभा. म्हणजे घर आमचं फुटणार, पैसा त्यांना, आणि बोंब मारली तर दंड आम्हाला!

म्हणून आमचं म्हणणं असं :

१. आभा नाही म्हणून केसपेपर नाकारायचा नाही. फोन नसलेल्याला मागं ढकलायचं नाही.

२. माझी नोंद कुणी, कधी, कशासाठी उघडली याची यादी मला मराठीत मिळाली पाहिजे. फोन नसेल तर खिडकीवर छापून.

३. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार यांना वेगळं कुलूप. त्यांचा मेसेज कुठल्याच फोनवर नको.

४. विमा कंपनी आणि मालक यांना दार बंद. पोलिसांना कोर्टाच्या हुकमाशिवाय बंद.

५. माहिती फुटली तर भरपाई ज्याचं नुकसान त्याच्या हातात.

खिडकीमागं बसलेला पोरगा शत्रू नाही. कंत्राटावर डेटा भरणाऱ्यांत आपलीच पोरं आहेत, तुमच्यातलाही एखादा असेल. टार्गेट कुणी दिलं, किती दिलं, ते त्यानं सांगावं. बाकीच्यांनी सोमवारी ओपीडी उघडायच्या आधी चार-चार जणांनी रांगेत उभं राहावं. ओटीपी सांगण्याआधी मोठ्यानं विचारावं : हा आकडा कशाचा? माझा कागद कोण बघणार? नाही म्हटलं तर केसपेपर देणार की नाही? रांगेतल्या शेवटच्या म्हातारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. उत्तर मिळेपर्यंत कुणीही आकडा सांगायचा नाही.