हाफ क्लच

गाडी शिकायचीच आहे तर सरळ ऑटोमॅटिकवर शिक, असं मला निदान दहा जणांनी सांगितलं. सल्ला काही वाईट नव्हता. पण आमच्या घरी आहे ती बाबांची १२ वर्षं जुनी हॅचबॅक. तिला क्लच आहे आणि मला घाई होती.

झालं असं की, दिवाळीत साताऱ्याहून रात्री पुण्याला परतताना समोरच्या गाडीचा लाइट बाबांच्या डोळ्यांवर आला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि तशीच उभी ठेवली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आईने पाण्याची बाटली पुढे केली. त्यानंतर बाबांनी रात्री गाडी काढलीच नाही. विचारलं की म्हणायचे, "ट्रॅफिक फार झालंय गं." शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घरात गाडी चालवणारे ते एकटेच.

मी लर्निंग लायसन्स काढलं. ते सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होता. पंधरा दिवस मला वाटत होतं, आपण मस्त चालवतोय. खरं तर अर्धी गाडी सरच चालवत होते! हे कळलं बाबांच्या गाडीत बसल्यावर. सोसायटीच्या गेटपाशीच ती चार वेळा बंद पडली. वॉचमनकाकांनी गेट उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

मी बीए इंग्लिश. यंत्रातलं मला शून्य कळतं. पण बाबांनी दोन ताटल्या घेऊन समजावलं ते डोक्यात बसलं. गाडी उभी असली तरी इंजिन फिरतच असतं, मिनिटाला साधारण ८०० फेरे. चाकं मात्र थांबलेली. क्लच दाबला की दोघांचा संबंध तुटतो, सोडला की जुळतो. धाडकन सोडला तर फिरत्या इंजिनावर थांबलेल्या चाकांचं ओझं एकदम पडतं आणि ते मान टाकतं. हळू सोडला तर मध्ये एक जागा येते. तिथे दोन तबकड्या एकमेकींवर घासत वेग जुळवून घेतात. तोच हाफ क्लच.

ही जागा प्रत्येक गाडीत थोडी वेगळी असते. आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथेच थांबवायचा. बाबांनी मला रिकाम्या मैदानात नेलं आणि रेस द्यायलाच बंदी केली. फक्त क्लच सोडत गाडी हलवायची, थांबवायची, पुन्हा हलवायची. दोन रविवार हेच. तुम्ही शिकत असाल तर हे नक्की करा. मात्र गाडी चालू लागली की पाय क्लचवरून काढा. तो तिथेच ठेवायची सवय लागली तर क्लच लवकर झिजतो.

खरी भीती होती ती आमच्या बेसमेंट पार्किंगच्या चढाची. एकदा मी तिथे मध्येच अडकले, गाडी मागे सरकली आणि मागे एक नवीकोरी गाडी. मला रडूच आलं. बाबा एवढंच म्हणाले, "हँडब्रेक ओढ. आता ती कुठे जात नाही." मग पहिला गिअर, थोडी रेस, क्लच हाफवर आणि आवाज जड झाला की हँडब्रेक खाली. मागच्या गाडीने हॉर्न वाजवलाच. वाजू दे.

टेस्ट पहिल्या फटक्यात पास झाले. पुढच्याच महिन्यात बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला जायचं होतं. शेजारी बाबा, डोळ्यावर पट्टी, मागे आई. चढावर पुढे रिक्षा आडवी आली म्हणून थांबावं लागलं. रिक्षा गेली. इंजिनाचा आवाज जड झाला.

"आता सोड," बाबा म्हणाले.

तोवर मी हँडब्रेक सोडलाही होता.