विश्लेषण : सातबाऱ्यावरची डिजिटल सही कशाची हमी देते?

कर्जत-खालापूर पट्ट्यातला जमिनीचा व्यवहार हल्ली आधी व्हॉट्सॲपवर येतो. एजंट सातबाऱ्याची पीडीएफ पाठवतो. त्यावर डिजिटल सही असल्याचा आणि वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नसल्याचा उल्लेख असतो. तेवढ्यावर टोकन देणारेही असतात. ही सही उभी आहे ती शाळेत शिकलेल्या मूळ संख्यांवर.

८९ आणि ९७ या मूळ संख्यांचा गुणाकार मिनिटभरात होतो : ८६३३. पण नुसते ८६३३ हाती देऊन त्या दोन संख्या विचारल्या, तर भागत बसावे लागते. संख्या ३०० अंकी झाल्या की हे भागणे संगणकालाही झेपत नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच अडचणीवर आरएसए पद्धत उभारली. डिजिटल सह्यांमध्ये ती चांगलीच रुळलेली आहे. २०४८ बिटच्या किल्लीत ६१७ अंकी गुणाकार सर्वांना खुला असतो, तो देणाऱ्या दोन मूळ संख्या मात्र गुप्त. २०२० मध्ये संशोधकांनी २५० अंकी गुणाकार फोडला. एकाच प्रोसेसर कोरवर तेच काम केले असते, तर सुमारे २,७०० वर्षे लागली असती.

उलट, संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणे त्यामानाने सोपे. अवयव न शोधताही ते खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवता येते, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी मूळ संख्या जाहीर झाली. विक्रम मोठा, पण सहीसाठी तिचा उपयोग शून्य. गावभर वाटलेली किल्ली कोणत्या कुलपाला चालेल?

सही खरी, नोंदीचे काय?

गणित इथवर चोख आहे. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. पण प्रिंट किंवा स्क्रीनशॉटमध्ये ही सही उरतच नाही, उरते फक्त तिचे चित्र. म्हणून महाभूमी संकेतस्थळावर पडताळणी क्रमांक टाकून उतारा पाहणे, ही टोकनआधीची पहिली पायरी असायला हवी.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. उतारा सरकारी नोंदीतून निघाला आणि नंतर बदलला नाही, एवढेच सही सांगते. नोंद बरोबर आहे का, वारसाचे नाव गळले आहे का, हे कोणतीही मूळ संख्या सांगू शकत नाही. फेरफार तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी घेतात, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस लागते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मुंबईत नोकरीला गेलेल्या खातेदाराने त्या पंधरा दिवसांत ‘आपली चावडी’वरची नोटीस पाहिली नाही, तर चुकीच्या नोंदीचा उताराही तितक्याच पक्क्या सहीने बाहेर पडतो. सहीशेजारी तिची मर्यादा सांगणारी एक ओळ ठळक मराठीत छापायला महसूल विभागाला फारसा खर्च येणार नाही.